उद्योगमहर्षी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

स्मरणिकेच्या पानांवर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांस ते वाचून समाधान व तरुणांस काही मार्गदर्शन लाभते, अशी आपली समजूत आहे व ती योग्यच आहे. यंदा आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत, ते जन्माने आपल्या सुतार-लोहार समाजातील नव्हते. वेदान्ताचा व्यासंग असलेल्या ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म झाला. परंतु आयुष्यभर त्यांनी जी उपासना केली ती भाता, भट्टी, ऐरण आणि रंधा यांची. विश्वकर्म्याचे उपासक म्हणवून घेण्याचा अधिकार जर कर्माने मिळत असेल, तर तो कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांस निःसंशय आहे.

हे चरित्र यंदाच का निवडले, तेही सांगणे अवश्य आहे. आमच्या राणीसावरगावातून व गंगाखेड तालुक्यातील आसपासच्या खेड्यांतून आपल्या समाजाची कितीतरी मुले शिकून पुण्याकडे, छत्रपती संभाजीनगराकडे, हैदराबादकडे कंपन्यांत नोकरीस गेली आहेत. त्यांतील काहींनी अलीकडे नोकऱ्या सोडून स्वतःचे उद्योग मांडले. कोणी वेल्डिंगचे दुकान घातले, कोणी शेती अवजारांचा कारखाना काढला, कोणी संगणकावरचा व्यवसाय आरंभिला. काहींस यश आले. काहींचे दुकान वर्षा-दोन वर्षांत बंद पडले, आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. अशा मुलाकडे घरातली माणसे व भाऊबंद कोणत्या नजरेने पाहतात, हे आपण सर्व जाणतो. नोकरी सोडणारा वेडा आणि धंद्यात बुडालेला नालायक, असे दोन शिक्के आपण फार लवकर मारतो. हे शिक्के मारण्यापूर्वी लक्ष्मणरावांचे आयुष्य एकदा डोळ्यांखालून घालावे, एवढीच आमची समाजबांधवांस विनंती आहे.

जन्म व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म दि. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत यांचा ओढा वेदान्ताकडे. मुलाचे मन मात्र पोथीत रमेना. त्याचे लक्ष दोनच गोष्टींकडे असे, चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. त्या काळच्या प्रतिष्ठित घरात ही दोन्ही लक्षणे चांगली मानली जात नसत. तथापि वडील बंधू रामचंद्रपंत, ज्यांस पुढे सर्व लोक रामूअण्णा म्हणून ओळखू लागले, त्यांनी धाकट्या भावाची बाजू घेतली. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

येथे त्यांस पहिली ठेच लागली. सुमारे दोन वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर असे लक्षात आले, की काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नाही. चित्रकारास रंग न दिसणे म्हणजे गवयास सूर न ऐकू येण्यासारखेच होय. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध निवडलेली वाट दोन वर्षांत बंद झाली. दुसरा एखादा मुलगा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला, रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे, म्हणजे यंत्रांचे व त्यांच्या भागांचे मोजमापासह आराखडे काढण्याच्या विद्येकडे वळले. या विद्येस रंग लागत नाही, अचूक माप लागते. पुढे त्यांनी जो उद्योग उभारला त्याचा पाया याच विद्येत आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या वाडवडिलांच्या कामाशी याची तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. आपले सुतार बाभळीचे लाकूड नजरेने पारखून नांगर घडवीत. नांगर उत्तम होई, पण एक नांगर दुसऱ्यासारखा नसे. त्याचा एखादा भाग मोडला तर तोच सुतार पुन्हा हवा. आराखडा कागदावर उतरला म्हणजे मात्र एकाच मापाचे शंभर भाग करता येतात व एकाचा भाग दुसऱ्यास बसतो. कारागिरीचे कारखान्यात रूपांतर होते ते या ठिकाणी. हात दोन्हीकडे सारखेच कुशल असतात. भेद कागदाचा आहे.

नोकरी आणि राजीनामा

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेत लक्ष्मणरावांस साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. शिकविण्याचे काम संपल्यावर ते संस्थेच्या कर्मशाळेत जात, तेथील यंत्रे चालवीत, बिघडलेली यंत्रे दुरुस्त करीत आणि यंत्रविद्येची पुस्तके वाचीत. पगार शिकविण्याचा मिळत होता, शिक्षण कर्मशाळेत चालले होते.

याच काळात, १८८८ साली, त्यांनी रामूअण्णांसह बेळगावास सायकलींचा धंदा सुरू केला. किर्लोस्कर बंधू हे नाव येथपासून चालू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा बेळगावात त्या विकीत व लोकांस त्यांवर बसावयास शिकवीत. या शिकवणीबद्दल पंधरा रुपये घेत असत. त्या काळी सायकल ही सामान्य माणसाची वस्तू नव्हती, तेव्हा गिऱ्हाईक थोडे. पण वस्तू विकण्याबरोबर ती वापरण्याची विद्याही विकली पाहिजे, हा धडा दोघा बंधूंनी त्या दुकानात घेतला.

संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली, तेव्हा ती लक्ष्मणरावांस मिळेल असे वाटत होते. ज्ञान व अनुभव या दोन्ही दृष्टींनी त्यांचा हक्क होता. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. गोऱ्या कातडीस मान देणाऱ्या राज्यात असे प्रसंग नित्याचे होते, आणि बहुतेक जण ते गिळून पुढच्या संधीची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला व ते बेळगावास आले.

नोकरी सोडू इच्छिणाऱ्या आमच्या तरुणांनी या ठिकाणी थोडे थांबावे. राजीनाम्याची ही कथा सांगताना लोक अपमानाचा व स्वाभिमानाचा भाग तेवढा सांगतात. तो खराच आहे. पण दुकान १८८८ चे आणि राजीनामा १८९७ चा आहे, या दोन सालांमधील नऊ वर्षे सहसा कोणी सांगत नाही. नऊ वर्षे पगारावर राहून त्यांनी यंत्रे हाताळली, व्यापार पाहिला, भावाशी भागीदारी पारखली. स्वाभिमान दुखावला त्या दिवशी ते रिकाम्या हाताने बाहेर पडले नाहीत. अपमान हे निमित्त झाले. तयारी आधीच झाली होती. ज्याची अशी तयारी नाही त्याने केवळ साहेबावरील रागापोटी नोकरी सोडली, तर तो स्वाभिमान नव्हे, तो संताप होय, आणि संतापावर दुकान चालत नाही.

नांगराची परीक्षा

सायकलींच्या धंद्यावर संसार व महत्त्वाकांक्षा दोन्ही चालणे शक्य नव्हते. दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यापेक्षा स्वतः वस्तू करावी, ही लक्ष्मणरावांची मूळची ओढ. आपल्या देशात गिऱ्हाईक कोण, असा विचार करता उत्तर एकच येत होते, शेतकरी. त्यांनी बेळगावजवळ ठळकवाडीस लहानशी कर्मशाळा घातली व कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यामागून १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. याच वर्षी त्यांचे थोरले चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म झाला. पत्नी राधाबाई, तान्हे मूल आणि कोणी विकत न घेणारा नांगर, अशी त्या वेळची घरची स्थिती होती.

नांगर कोणी विकत घेईना, हे अक्षरशः खरे आहे. लोखंडाने जमिनीस विष बाधते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा उद्योग बुडालाच होता. मालात दोष नव्हता, गरज खरी होती, किंमतीचाही प्रश्न मुख्य नव्हता. अडले होते ते विश्वासापाशी.

शेतकऱ्याच्या या समजुतीस आपण हसू नये. आमच्या भागातील काळ्या जमिनीत ज्यांनी औत धरले आहे त्यांस ठाऊक आहे, की शेतकरी वर्षातून एकदाच प्रयोग करू शकतो, आणि प्रयोग फसला तर वर्षाचे धान्य जाते. लाकडी नांगर जमीन चिरतो, परंतु उलटवीत नाही. त्याने हरळी व कुंदा यांच्या मुळ्या आत तशाच राहतात. लोखंडी नांगराचा पंखा मातीचा थर उचलून पालथा घालतो, तणाच्या मुळ्या उन्हात पडून वाळतात, आणि पावसाचे पाणी खोल मुरते. हे सर्व सांगून पटण्याजोगे नव्हते, शेतात पाहूनच पटणारे होते. सायकलीच्या दुकानातील धडा येथे उपयोगी पडला. ज्यास सायकलीची भीती वाटते त्यास आधी बसावयास शिकवावे लागते. ज्यास नांगराची भीती वाटते त्याच्या बांधावर आधी नांगर चालवून दाखवावा लागतो. हळूहळू पहिल्या गिऱ्हाइकांच्या शेतांतील पीक पाहून शेजाऱ्यांस धीर आला, आणि मागणी वाढू लागली.

लक्ष्मणरावांच्या जागी एखादा उतावळा मनुष्य असता, तर त्याने दोन वर्षांत दोन गोष्टी केल्या असत्या. एक, शेतकरी अडाणी आहे असे म्हणून त्यास दोष दिला असता. दोन, दुसराच माल काढून कर्ज वाढविले असते. त्यांनी या दोन्ही गोष्टी टाळल्या. गिऱ्हाईक घेत नाही म्हणजे गिऱ्हाईक चुकते असे नव्हे, आपले त्याच्यापर्यंत पोचणे अपुरे आहे, असा त्यांनी अर्थ घेतला. आम्हांस वाटते, या चरित्रातील हा सर्वांत कठीण धडा आहे.

बेळगाव सुटले

नांगर विकू लागला, कर्मशाळेस बरे दिवस येतील असे वाटू लागले, तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने वाढत्या वस्तीसाठी त्या भागाची आखणी केली, आणि किर्लोस्करांस कर्मशाळेची जागा सोडणे भाग पडले. यंत्रे, भट्टी, कामगार व अर्धवट तयार माल यांसह मनुष्य उघड्यावर आला. वय चाळिशीचे. ना नोकरी, ना जागा, ना पुरेसे भांडवल. तेरा वर्षांपूर्वी राजीनामा देताना ज्यांनी मान हलविली असेल, त्यांस आपले भाकीत खरे झाले असे वाटले असल्यास नवल नाही.

अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलांचे आश्रयदाते. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी प्रथम औंधातील बांधकामाचे काम त्यांच्याकडे सोपविले, आणि पुढे कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. मिरज-पुणे लोहमार्गालगतचे हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

हे दहा हजार रुपये कोणास मिळाले, याचा विचार करावा. यशस्वी कारखानदारास ते मिळाले नाहीत. ज्याची जागा नुकतीच गेली होती अशा, व्यवहारी जगाच्या दृष्टीने बुडालेल्या माणसास ते मिळाले. आणि ते का मिळाले, याचाही विचार करावा. लक्ष्मणरावांचे भांडवल गेले होते, पत गेली नव्हती. घेतलेले काम पुरे करणारा, दिलेला शब्द पाळणारा व हाती कसब असलेला मनुष्य, अशी त्यांची ख्याती होती. धंद्यात दोन खाती असतात, एक पैशाचे व एक पतीचे. पहिले खाते रिकामे झाले तरी दुसरे भरलेले असेल तर मनुष्य पुन्हा उभा राहतो. दुसरे रिकामे झाले तर पहिल्यात कितीही पैसा असो, तो फार दिवस टिकत नाही.

निवडुंगाच्या माळावर

दि. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिन मानला जातो. त्या बत्तीस एकरांवर निवडुंग माजला होता व सापांचा सुळसुळाट होता. पाण्याची टंचाई होती. पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह लक्ष्मणरावांबरोबर या माळावर राहावयास आले. पगाराचीही खात्री नसलेल्या जागी पंचवीस कुटुंबे एका माणसाच्या शब्दावर जातात, ही गोष्ट दहा हजारांच्या कर्जापेक्षा मोठी आहे, असे आम्हांस वाटते.

मंडळी निवडुंग तोडून राहू लागली. कारखान्याभोवती घरे झाली व नियोजनपूर्वक वसविलेले एक गाव उभे राहिले. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत किर्लोस्करवाडीचे नाव नेहमी घेतले जाते. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. शिक्षा भोगून आलेल्या दोघांस त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, व त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

ज्यांच्या बळावर कारखाना चालला ती माणसेही पाहण्यासारखी आहेत. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकर यंत्रांच्या कामात तरबेज होते. मंगेशराव रेगे यांनी कचेरी व हिशेब सांभाळले. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट सुटलेले गृहस्थ, पण यंत्ररचनेत त्यांची बुद्धी विलक्षण चालत असे. लक्ष्मणराव पदवी विचारीत नसत, हात पाहत असत. आपले स्वतःचे पुस्तकी शिक्षणही अपुरेच आहे, याची जाणीव त्यांस होती. परंतु हिशेबाचे काम त्यांनी हिशेब जाणणाऱ्याकडे सोपविले, ते स्वतःच्या खिशात ठेवले नाही. आमच्या समाजातील किती उत्तम कारागीर केवळ वही न ठेवल्यामुळे बुडाले, हे येथे सांगण्याची गरज नाही.

युद्ध, टंचाई आणि युक्ती

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येणे थांबले व देशी नांगरास मागणी आली. पण लोखंड व कोळसा यांचीही टंचाई झाली. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, हे संकट मागणी नसण्याइतकेच घातक असते. लक्ष्मणरावांनी भट्टीस लाकडी कोळसा वापरून पाहिला. परदेशी रंग मिळेना तेव्हा हिरडा व हिराकस यांपासून काळा रंग तयार केला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी गडावरील जुन्या तोफा कारखान्यास दिल्या, त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. तोफेचा नांगर झाला, ही घटना वाचून कोणाही शेतकऱ्याच्या व लोहाराच्या मनास समाधान वाटेल.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या नावाने कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचा माल व विचार लोकांपर्यंत नेण्याच्या हेतूने निघालेल्या या पत्राचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले, व मराठी घराघरांत ते वाचले जाऊ लागले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाण्याचे पंप निघाले. १९२६ साली शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील शिक्षण पुरे करून परतले. त्यानंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले व शेतकऱ्याकडे नांगरास पैसा उरला नाही, तेव्हा कारखान्याने लोखंडी खुर्च्या, टेबले व कपाटे करून दिवस काढले. कारागिरास एकच वस्तू येत असेल तर त्या वस्तूबरोबर तो बुडतो. त्यास लोखंड येत असेल तर वस्तू बदलून तो तरतो.

१९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे, म्हणजे लेथ वगैरे, तयार करण्याचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटरींचा उद्योग सुरू झाला. ही कामे मुख्यतः पुढच्या पिढीने केली, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही. महाराष्ट्रातील विहिरीवर मोट जाऊन इंजिन आले, त्या बदलाचे मूळ या निवडुंगाच्या माळावर आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

उतारवयातील आघात

१९४८ च्या आरंभी महात्मा गांधींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. ज्यांनी आपल्या वसाहतीत जातिभेदास थारा दिला नाही, त्यांच्या कारखान्यास जातीच्या नावाखाली आग लागावी, हा दैवदुर्विलास होय. जातीच्या संस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. आपण एकत्र येतो ते एकमेकांस हात देण्यासाठी. दुसऱ्या कोणाविरुद्ध हात उचलण्यासाठी नव्हे. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. दि. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

नांगराने काय दिले व काय नेले

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. लोखंडी नांगर शेतकऱ्यास वरदान ठरला, पण गावगाड्यातील सुताराच्या हातचे एक मोठे काम त्याने नेले. बाभळीचा नांगर, त्याचे रुमणे, जू, कुळव, तिफण ही सुताराची नित्याची कामे, व त्याबद्दल सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते हे त्याचे उत्पन्न. लोखंडी नांगर आला, मागाहून ट्रॅक्टर आला, आणि बलुते आटले. निजामी अमलात राहिलेल्या आमच्या परभणी जिल्ह्यातील जुन्या पिढीने हा बदल सोसला आहे. काही घरे रागाने जुन्या कामास धरून राहिली व हलाखीत आली. काहींनी लोखंडी नांगराचे फाळ पाजळण्याचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्याचे, दारे-खिडक्या घडविण्याचे काम उचलले व ती तगली. यंत्र एकाचे काम नेते व दुसऱ्यास देते. ते आपल्या हाती येते की हातातून जाते, हे आपण शिकतो की नाही यावर ठरते.

म्हणून लक्ष्मणरावांचे चरित्र केवळ कौतुकाने वाचून ठेवून देणे आपणांस परवडणारे नाही. आपल्या मुलांच्या हातांत पिढ्यान्पिढ्यांचे कसब आहे. त्यास आराखड्याची, हिशेबाच्या वहीची व गिऱ्हाइकाच्या बांधापर्यंत जाण्याच्या सोशिकतेची जोड हवी. ही जोड नोकरीत असतानाच मिळविता येते. ज्या मुलास स्वतंत्र उद्योग करावयाचा आहे त्याने कारखान्यातील नोकरी ही तुरुंग मानू नये, पगार देणारी शाळा मानावी.

उद्योग करणाऱ्याचे कर्तव्य झाले, आता समाजाचे. प्रत्येकास बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा स्नेही मिळत नाही. संस्थाने गेली व तसे राजेही गेले. परंतु बुडालेल्या प्रामाणिक माणसास दुसऱ्यांदा उभे करणारा हात आजही हवाच आहे, आणि तो हात समाजाचा असावा. पहिल्या उद्योगास कर्ज देणाऱ्या सरकारी योजना व बँका पुष्कळ आहेत. ज्याचा पहिला उद्योग बसला, त्यास दुसऱ्यांदा दारात उभे करणारे फार थोडे. आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या व वधूवर मेळावे यांच्याबरोबर लहानसा का होईना, असा एक बिनव्याजी निधी ठेवावा, अशी आमची सूचना आहे. तो देताना एकच गोष्ट पाहावी. अपयश किती मोठे होते हे न पाहता, त्या अपयशात त्याने देणेकऱ्यांपासून तोंड चुकविले की त्यांस सामोरा गेला, हे पाहावे. पतीचे खाते ज्याने राखले, त्यास पुन्हा उभे करावे.

निधी उभा राहण्यास वेळ लागेल, पण एक काम आजच करता येण्यासारखे आहे. ज्या घरातील मुलाचे दुकान यंदा बंद पडले असेल, त्या घरातील मंडळींनी पंक्तीत, लग्नकार्यात त्यास आडून टोचून बोलू नये. त्याची वही उघडून त्याच्याजवळ बसावे, काय चुकले ते त्याच्याच तोंडून समजून घ्यावे, आणि हत्यारे विकू देऊ नयेत. पहिले नांगर विकण्यास दोन वर्षे लागली होती, हे त्यास सांगावे. आई रेणुकेच्या व प्रभू विश्वकर्म्याच्या कृपेने आपल्या समाजात असे धीराचे उद्योजक व त्यांच्या पाठीशी उभी राहणारी घरे निपजोत, अशी प्रार्थना करून हे अल्प चरित्र आम्ही समाजचरणी अर्पण करतो.